बाबांच्या कोटावरचा बॅज

ते पत्र मी घरी आणलं, असं आई शेवटपर्यंत सांगत राहिली. तसं नव्हतं. पत्र इस्पितळात आलं होतं आणि बाबांनीच ते आणलं, डब्याच्या पिशवीत, रिकाम्या डब्याखाली घडी करून. पण त्या वर्षी डब्याची पिशवी रोज माझ्या हातात असे, म्हणून आईच्या आठवणीत पत्र हातात घेऊन मीच दारात उभी राहिले. त्या संध्याकाळी घरात पाटोड्यांचा रस्सा होता. बाबांनी हातपाय धुतले, जेवायला बसले, दोनदा रस्सा मागून घेतला, भाकरीचा शेवटचा तुकडा ताटाला पुसून खाल्ला. गोरखपुरातल्या आमच्या घरामागून छोट्या लाईनीची, अरुंद रुळांवरची गाडी जायची. ती शिट्टी देत निघून गेली, तिचा आवाज पार विरला, तेव्हा ते आईला म्हणाले, "कमल, जरा बस. एक कागद आला आहे."

पत्र इंग्रजीत होतं. बाबांनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं आणि आईला समजेल असं सांगितलं. त्यांच्या कोटावर जो बॅज असतो, त्यात गेल्या तिमाहीत प्रमाणाबाहेर किरणं नोंदली गेली होती. चौकशी होईपर्यंत त्यांना एक्स-रेच्या कामापासून दूर ठेवावं, रक्त तपासावं, प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन पाहील, असं त्यात लिहिलं होतं.

"किरणं नोंदली म्हणजे? लागली कोणाले?" आईने विचारलं.

"बॅज माझ्या छातीवर असते. तर मलेच ना."

आईने रस्श्याची कढई उचलली आणि परत तिथेच ठेवली. "मग तुम्हाले काही होऊन राहिलं का? दुखते काही?"

"काही नाही दुखत. ते दुखत नसतेच," बाबा म्हणाले, आणि हे बोलायला नको होतं हे त्यांना बोलल्यावर कळलं असावं, कारण ते लगेच उठून हात धुवायला गेले.

बाबा शहरातल्या एका धर्मादाय इस्पितळात एक्स-रे विभागाचे इनचार्ज होते. नाव लिहीत नाही. ते इस्पितळ आता राहिलेलंही नाही. इनचार्ज हा शब्द आमच्या घरात फार मोठा होता. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, बाबांच्या नोकरीपायी इकडे आलेले; तिकडच्या नातेवाइकांत पांढरा कोट घालणारे ते पहिले. कोटाच्या खिशाला चिमट्याने लावलेला तो बॅज आगपेटीहून थोडा मोठा, प्लॅस्टिकचा. आत ॲल्युमिनियमची पट्टी आणि पट्टीत तीन पांढऱ्या चकत्या. दर तीन महिन्यांनी पट्टी पार्सलने प्रयोगशाळेत जाई आणि नवी येई. मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा बाबांनी मला समोर बसवून ती पट्टी दाखवली होती. मोडलेल्या हाताला जे प्लास्टर घालतात त्याच जातीची ही वस्तू, ते म्हणाले, कॅल्शियम सल्फेट. फक्त त्यात डिस्प्रोशियम नावाचं एक दुर्मीळ मूलद्रव्य घातलं आहे, भाताच्या हंड्यात जिऱ्याचे चार दाणे टाकावेत इतकंच. साधं प्लास्टर किरणं विसरून जातं. हे नाही विसरत. तापवलं की जितकी किरणं लागली असतील तितका उजेड देतं, आणि तो उजेड मोजून माणसाला किती लागलं ते सांगतात. "एकदा तापवली की झाली कोरी. परत विचाराल तर काहीच सांगणार नाही," हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो जणू ही युक्ती त्यांनीच काढली होती असा.

पत्र आल्यापासून तो चेहरा मी पाहिला नाही. त्यांना बाहेरच्या खिडकीवर पेशंटांची नावं लिहायला बसवलं. कोट नाही, बॅज नाही. घरी आईने सगळं हातात घेतलं. सकाळी बीट किसून, दुपारी गूळ-शेंगदाणे, एक दिवसाआड सदर बाजारातून कलेजी. बाबा मुकाट्याने खात. पण रोज सकाळी ते आंघोळीला गेले की आई त्यांचा कंगवा उजेडाकडे धरून केस मोजायची, हे मी पाहत होते, आणि मी पाहते हे तिलाही ठाऊक होतं. कोणीतरी शेजारणीने तिला सांगितलं होतं की आधी केस जातात. एक दिवस तिने बाबांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले. बाबांनी ते पाहिलं. "कमल, हा काही खरजेसारखा रोग नाही. माझ्या अंगातून कोणाले काही लागत नाही," ते म्हणाले. आईने दोन्ही बादल्या एक केल्या, पण त्या रात्रीपासून बाबा आपला पाण्याचा पेला आपणच धुवायला लागले. माझं कॉलेज सकाळचं होतं. दुपारचा डबा घेऊन मी आधीसारखीच सायकलवर इस्पितळात जात होते, फक्त आता एक्स-रेच्या खोलीशी नव्हे, तर खिडकीशी.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा माणूस आला. चाळिशीचे, चष्मा लावलेले, हळू बोलणारे गृहस्थ. मी डबा घेऊन पोचले तेव्हा ते पॅसेजमध्ये बाबांशी बोलत उभे होते. मला पाहून थांबले नाहीत. त्यांच्या हातात वही होती.

"तीनों डिस्क का हिसाब देखकर इतना तो पक्का है कि यह एक्स-रे की ही मार है," ते म्हणाले. "लेकिन डिस्क यह नहीं बताती कि कोट उस वक़्त आदमी के बदन पर था या नहीं। इसलिए पूछ रहा हूँ। मेश्राम जी, आप कोट कब उतारते हैं?"

"सिर्फ़ खाने के वक़्त।"

"तब कोट कहाँ रहता है?"

"यहीं बाहर। इस खूँटी पर।" बाबांनी पॅसेजमधल्या लाकडी खुंटीकडे बोट दाखवलं.

"और उस वक़्त मशीन?"

बाबांनी बोट खाली घेतलं. "बंद रहती है," ते म्हणाले.

मी डबा धरून तीन हातांवर उभी होते. त्या शेवटच्या दोन उत्तरांतलं एकही खरं नव्हतं. पहिलं खोटं आहे हे बाबांना माहीत नव्हतं. दुसरं खोटं आहे हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

झालं होतं ते असं. बाबा जेवताना कोट काढून माझ्या हाती देत, कारण आईच्या रस्श्याचा डाग त्यांना कोटावर चालत नसे. मी तो आधी खुंटीवरच लावत होते. पण खुंटीशेजारीच डार्करूममधून धुऊन आणलेल्या ओल्या फिल्मा वाळत टांगलेल्या असत आणि त्यांचं पाणी ठिबके. उन्हाळा लागता लागता एकदा कोटाच्या बाहीवर त्या पाण्याचा पिवळट डाग पडला. बाबा दोन दिवस त्या डागाकडे पाहत राहिले. तिसऱ्या दिवसापासून मी कोट आतल्या खोलीत नेऊन लावायला लागले. तिथे भिंतीत एक खिळा होता. छातीचा फोटो काढताना पेशंट ज्या स्टँडला टेकून उभा राहतो, त्याच्या हातभर बाजूला. कोट लावून मी बाबांच्या छोट्या खोलीत येऊन बसे, आणि जेवण झालं की जाऊन घेऊन येई. ते हात पुसत असत, मी कोट धरी, ते बाह्या घालत. कोट कुठून आला हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि जेवणाच्या वेळी मशीन बंद नसे. डार्करूम सांभाळणारे बैजनाथ चाचा त्या अर्ध्या तासात छातीचे साधे फोटो काढून रांग कमी करत. त्यांना तो अधिकार नव्हता. फिल्म धुणं एवढंच त्यांचं काम. पण गावांतून आलेल्या खोकणाऱ्या माणसांची ती रांग बाहेर उन्हात बसलेली असे, आणि बाबांनीच त्यांना हळूहळू शिकवलं होतं. मशीन जुनं होतं, किरणांचा झोत आवरणाऱ्या झडपा नीट मिटत नसत. म्हणजे समोर उभ्या माणसाच्या आजूबाजूचं सगळंच त्या झोतात येई. भिंतीवरचा कोटही, आणि कोटावरचा बॅजही. रोज. रविवार सोडून रोज.

हे सगळं मला त्या पॅसेजमध्ये एका दमात कळलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता वय झाल्यावर तेवढी खात्री वाटत नाही. पत्र वाचलं गेलं त्या संध्याकाळीच आत कुठेतरी खिळा हलला होता, पण मी तिकडे पाहिलं नव्हतं. त्या गृहस्थांनी प्रश्न विचारला तेव्हा मात्र न पाहण्याची सोय उरली नाही. तरी मी बोलले नाही. बाबांचा नवा बॅज, जो पत्र येईपर्यंत दोन महिने कोटावर होता, तो तपासायला घेऊन ते गृहस्थ निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी सायकल लावत होते तर बैजनाथ चाचा मागच्या दाराशी उभे होते. पन्नाशीचे, वाळके, बोटांची नखं औषधाने तपकिरी झालेली. आजवर ते माझ्याशी 'आ गई बिटिया' याच्यापलीकडे कधी बोलले नव्हते.

"कल तुम सुन रही थीं," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"कोट अंदर टँगता था। मैं रोज़ देखता था। मुझे क्या मालूम था बिटिया, कपड़े को भी कुछ होता है।" त्यांनी मागचं दार ओढून घेतलं. "अब बोलोगी तो पहले यही पूछेंगे कि बटन कौन दबाता था। मेरी दो लड़कियाँ ब्याहने को बैठी हैं।"

"और बाबा?" मी विचारलं.

"उनका तो ख़ून जाँच रहे हैं न। कुछ हुआ ही नहीं है तो जाँच में भी कुछ नहीं निकलेगा। चार दिन की बात है।"

मला ते पटलं. पटवून घ्यायचं होतं म्हणून पटलं. बाबांना काही झालेलंच नाही, तर रक्तात काही निघणार नाही, सगळे विसरून जातील. पण आठवड्याने रक्ताचा कागद आला आणि त्यात पांढऱ्या पेशी थोड्या कमी निघाल्या. आज मला माहीत आहे की कितीतरी धडधाकट माणसांच्या असतात. तेव्हा इस्पितळात कोणी तसं म्हटलं नाही. आईने तो कागद दोनदा हातात घेतला, तिला वाचता येत नव्हता, तरी. मीही गोंधळले. त्याहून भयंकर म्हणजे, मला असं वाटू लागलं की कदाचित माझी समजूतच चुकीची असेल, बाबा खरंच आजारी असतील, आणि मग कोटाचं सांगण्यात काय अर्थ. हा विचार करून मला हलकं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवते. बापाच्या आजाराने एखाद्या मुलीला हलकं वाटू शकतं.

पुढे माझं आयुष्य त्याच पांढऱ्या भुकटीत गेलं. कॉलेजात शिकवता शिकवता मी ती स्वतः करायला शिकले. कॅल्शियमचा क्षार आणि चिमटीच्याही चिमटीएवढं डिस्प्रोशियम गरम गंधकाम्लात विरघळवायचं, आम्ल वाफेवर उडवून लावायचं, ते तासन्‌तास चालतं आणि खोकल्याने जीव जातो, मग खाली उरलेले स्फटिक धुऊन, भट्टीत भाजून, चाळून घ्यायचे. पहिल्यांदा किरणं देऊन आणलेली भुकटी मी खोलीत अंधार करून तापत्या पत्र्यावर टाकली, तेव्हा ती निळसर-पिवळी उजळली आणि बघता बघता विझली. विद्यार्थिनी टाळ्या वाजवत होत्या. मला त्या उजेडात आईच्या हातातला कंगवा दिसला. त्या मुलींना ते कसं सांगणार.

असो. बाबा खिडकीवर बसत, मी डबा देत होते, आणि बैजनाथ चाचा मला पाहिलं की डार्करूममध्ये जात. असे सव्वीस दिवस गेले. ते मला मोजावे लागत नाहीत.  एकदा जेवता जेवता बाबांनी मला विचारलं, "शालू, तुझं बी.एस्सी. किती राहिलं?" मी म्हटलं, दीड वर्ष. "दीड वर्ष होऊन जाईन," ते म्हणाले.  मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीवर कोणी बाई लेकरू घेऊन आली आणि ते वळले.

मग दुसऱ्या बॅजचं उत्तर आलं. त्यातही तेवढंच निघालं. आता योगायोग म्हणायला जागा राहिली नाही. मोठ्या डॉक्टरांनी बाबांना बोलावून सांगितलं की छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढून पाहावा लागेल. बाबा घरी येऊन हे सांगत होते तेव्हा त्यांचा हात नकळत सदऱ्याच्या दुसऱ्या बटनावर गेला होता. ते आजवर हजारो माणसांच्या छातीची हाडं उजेडाला धरून पाहत आले होते. आई म्हणाली, "मी येईन तुमच्यासोबत." बाबा नको म्हणाले नाहीत. ते नको म्हणाले नाहीत याचीच मला सगळ्यात भीती वाटली.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी कॉलेजला गेले नाही. आईने इस्त्रीची साडी नेसली होती. बाबा ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. जवळच्या फॅक्टरीचा भोंगा नुकताच वाजून गेला होता, गल्लीत सायकलींची रीघ होती. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, कोट खुंटीवर नसायचा."

त्यांचा ब्रश चालूच राहिला. "कोणता कोट?"

"तुमचा. जेवताना. खुंटीवर पाणी ठिबकायचं म्हणून मी आत लावत होती. स्टँडजवळच्या खिळ्यावर."

ब्रश थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बुटाकडेच पाहत राहिले. "किती दिवस?"

"उन्हाळा लागल्यापासून. रोज."

"स्टँडच्या कोणत्या बाजूले?"

"डाव्या. दाराकडे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना चक्कर येते आहे. पण ते हिशोब करत होते. मशीन कुठे, स्टँड कुठे, झोत कुठवर पसरतो, अर्ध्या तासात किती फोटो. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी बूट खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "कमल, आज सुई नाही घ्यायची."

आई दारात पेला घेऊन उभी होती. "म्हणजे?"

"म्हणजे मले काही लागलं नाही. कोटाले लागलं."

आईने पेला चौकटीवर ठेवला. पाणी सांडू नये म्हणून नीट, मधोमध ठेवला. मग ती आली आणि तिने माझ्या तोंडावर मारलं. एकदाच. लहानपणापासून तिने मला कधी हात लावला नव्हता. "काहून नाही बोलली?" ती म्हणाली. "मी रोज ह्यांचे केस मोजून राहिली, तू पाहून राहिली, काहून नाही बोलली?"

मी बैजनाथ चाचांचं सांगितलं. आई तिथेच खाली बसली. बाबा उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. आनंद आमच्या घरात आला तो जेमतेम एवढा वेळ टिकला.

"कोट आत होता एवढंच सांगा ना," आई म्हणाली. "त्याचं नाव कशाले काढता?"

"मशीन बंद असन तर कोटाले किरणं कोठून लागतीन, कमल? पहिला प्रश्न हाच येईन." बाबांनी तळहाताने चेहरा पुसला. "अन् मी सायबाले सांगून बसलो की बंद असते. खोटं मी आधी बोललो. पोरगी नंतर."

इस्पितळात बाबा आणि मी दोघंच गेलो.  बाबा थेट डार्करूमच्या दाराशी गेले, टकटक केली, आतून उत्तर यायची वाट पाहिली, कारण आत फिल्म उघडी असू शकते, आणि बैजनाथ चाचा बाहेर आले तेव्हा म्हणाले, "बैजनाथ, मैं बड़े डॉक्टर को सब लिखकर दे रहा हूँ।"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"मेरा क्या होगा, मेश्राम जी?"

"लिखूँगा कि मैंने कहा था, इसलिए तुमने किया। यही सच है।"

"लिखने से कुछ होता है?"

"मालूम नहीं। पर लिखूँगा।"

"सुई लगवा लेते तो बात दब जाती," चाचा म्हणाले. एवढंच म्हणाले आणि आत गेले. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

बाबांनी दोन पानं लिहिली. माझं नाव त्यात घातलं नाही; कोट आपण स्वतःच आत लावत असू, असं लिहिलं. मी म्हटलं, माझं नाव लिहा. ते म्हणाले, "माझा कोट होता. तो कुठं आहे हे पाहणं माझं काम होतं." मोठ्या डॉक्टरांच्या खोलीचं दार बंद झालं आणि मी बाहेर बाकावर बसले. आत अर्धा तास एकाच माणसाचा आवाज येत होता, आणि तो बाबांचा नव्हता.

प्रयोगशाळेचे ते गृहस्थ पुन्हा आले. त्यांनी एक नवा बॅज त्याच खिळ्याला लावला, समोर पेशंटच्या जागी पाण्याने भरलेले डबे उभे केले आणि जेवणाच्या वेळात जितके फोटो निघत तितके काढून पाहिले. मग परत पार्सल, परत वाट पाहणं. त्या दिवसांत आई कंगव्याला हात लावत नव्हती, पण माझ्याशीही बोलत नव्हती. ताट वाढून ठेवी आणि आत जाई. अखेर कागद आला: बॅजमधली नोंद कोटाला लागलेल्या किरणांची आहे, माणसाला लागलेल्या नव्हे. बाबा पुन्हा मशीनवर गेले. पण इनचार्ज म्हणून दुसऱ्या माणसाला आणलं, बाबांच्या निम्म्या वयाच्या, आणि निवृत्त होईपर्यंत बाबा त्याच्या हाताखाली राहिले. घरी त्यांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त इनचार्ज हा शब्द आमच्या घरातून गेला.

बैजनाथ चाचांना आधी कपड्यांच्या धुलाईघरात टाकलं, आणि दिवाळीनंतर कामावरून कमी केलं. बाबा त्यांच्यासाठी दोनदा मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आले; उपयोग झाला नाही.

चाचांचा कामाचा शेवटचा दिवस होता त्या सकाळी आई लवकर उठली. तिने गोळ्यांची कढी केली, वांग्याचं भरीत केलं, पोळ्यांना भरपूर तूप लावलं. तीन कप्प्यांचा मोठा डबा भरून माझ्यासमोर ठेवला आणि कितीतरी आठवड्यांनी मला हाक मारली. "शालू, हा बैजनाथले दे. म्हणावं, घरून पाठवला आहे. त्याच्यामुळे नाही, आपल्यामुळे गेली त्याची नोकरी." आईला हे ठाऊक नव्हतं की बैजनाथ चाचा गळ्यात तुळशीची कंठी घालत आणि इतक्या वर्षांत बाबांच्या डब्यातलं त्यांनी कधी काही घेतलं नव्हतं. रोज 'आज उपवास है' म्हणत. बाबा हसून सोडून देत आणि घरी कधी सांगत नसत.

मी डबा घेऊन गेले. चाचा मागच्या दाराशी आपली पिशवी बांधत होते. मी आईचा निरोप सांगितला, शब्द न् शब्द, हिंदीत करून. त्यांनी तो नीट ऐकला. डबा दोन्ही हातांनी घेतला, क्षणभर धरला, आणि तसाच माझ्या हातात परत दिला.

"माँ से कहना, मिल गया," ते म्हणाले.

त्यांनी तो आमच्या जातीमुळे परत दिला की माझ्यामुळे, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. ते पिशवी खांद्यावर टाकून फाटकाबाहेर गेले. मी सायकल काढली. घराजवळ छोट्या लाईनीच्या फाटकाशी गाडी यायची होती म्हणून थांबावं लागलं. तिथे रुळांच्या कडेला बसून मी तो डबा उघडला आणि सगळा खाल्ला. तीन माणसांचं जेवण होतं. कढी, भरीत, पोळ्या, सगळं. मधे गाडी येऊन गेली, फाटक उघडलं, लोक निघून गेले, मी खात होते. मग नळावर डबा घासून धुतला आणि घरी गेले.

आई ओट्यावर वाट पाहत होती. तिने डबा हातात घेऊन हलवून पाहिला.

"खाल्लं त्यानं?"

"हो," मी म्हटलं. "सगळं."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढे कितीतरी वर्षं, कोणाकडे गोळ्यांच्या कढीचा विषय निघाला की ती सांगायची, एका माणसाची नोकरी आमच्यामुळे गेली, पण जाताना तो माझ्या हातचं जेवून गेला. बाबा ते ऐकत आणि माझ्याकडे पाहत.